एसओएस लिहिलेली गोळी मागणार कोण?

वृद्धांच्या कुठल्याही केअर सेंटरमधला औषधांचा चार्ट उघडून पाहा. बीपीची गोळी, शुगरची गोळी, थायरॉइड, पोट साफ होण्याचं सिरप आणि अगदी तळाशी एक ओळ: 'टॅब. पीसीएम ६५०, एसओएस'. म्हणजे पॅरासिटामॉल, दुखलं तर द्या. आता हीच ओळ स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा अर्धांगवायूत वाचा गेलेल्या आजींच्या चार्टवर आहे असं धरा. गोळी मागणार कोण? आजींना सांगता येत नाही. मावशींना औषध द्यायची परवानगी नाही. सिस्टर राऊंडला येतात तेव्हा आजी निपचित पडलेल्या असतात, कारण हलवल्याशिवाय त्यांना दुखत नाही. महिनाअखेरीला स्ट्रिप जशीच्या तशी असते, त्या ओळीपुढचे सगळे रकाने कोरे असतात आणि मुलीने फोनवर विचारलं की उत्तर मिळतं, 'नाही हो, दुखण्याची काही तक्रार नाही.'

ही औषधातली चूकच आहे. चुकीची गोळी दिली तर निदान आरडाओरडा होतो, डॉक्टरांना फोन जातो. न दिलेल्या गोळीचा कुठेच पत्ता लागत नाही. म्हणून औषधातल्या चुका आणि वेदनांवरचे उपचार हे दोन वेगळे विषय मानू नयेत, असं माझं ठाम मत आहे. दोन्हींचं मूळ एकाच कागदावर असतं.

इंग्लंडमधल्या ५५ केअर होममध्ये राहणाऱ्या २५६ जणांची औषधं एका अभ्यासात तपासली गेली. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला सरासरी ८ औषधं चालू होती आणि १७८ जणांच्या बाबतीत, म्हणजे दहातल्या जवळजवळ सातांच्या बाबतीत, किमान एक तरी चूक सापडली. लिहिण्यातली, तपासण्या न करण्यातली, केमिस्टकडची किंवा देण्यातली. ही तिथली गोष्ट, जिथे छापील चार्ट आणि ठरलेला फार्मासिस्ट असतो. आपल्याकडे हाताने लिहिलेली वही, दर महिन्याला बदलणारे ब्रँड आणि नातेवाइकांनी पिशवीतून आणून दिलेल्या स्ट्रिप्स यांवर काम चालतं.

न बोलणाऱ्याचं दुखणं कसं मोजायचं

बोलता येणाऱ्या माणसाला विचारायचं, आणि नीट विचारायचं. 'आजी, दुखतंय का?' या प्रश्नाला आपल्याकडची पिढी 'नाही गं बाई, चाललंय' असंच उत्तर देते. त्यापेक्षा 'कूस बदलताना कुठे कळ येते?', 'रात्री कशामुळे जाग आली?', 'गुडघा ठणकतोय का?' असं विचारलं की खरी माहिती येते. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, अवघडणं हे शब्द जसेच्या तसे वहीत लिहावेत. 'आग होते' आणि 'मुंग्या येतात' म्हटलं तर डॉक्टर नसांच्या दुखण्याचा विचार करतील, आणि त्याची औषधं वेगळी असतात.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी पेनॅड नावाची साधी मोजपट्टी २००३ पासून वापरात आहे. तीत पाच गोष्टी पाहायच्या: श्वास, तोंडातून येणारे आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि धीर दिल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येकीला ० ते २ गुण, म्हणजे एकूण १०. कपाळाला आठ्या किंवा चेहरा घाबरलेला असेल तर १, चेहरा वेडावाकडा झाला तर २. मधूनमधून कण्हणं १, परत परत ओरडणं किंवा रडणं २. अंग ताणलेलं असलं, येरझाऱ्या घातल्या तर १. मुठी आवळल्या, पाय पोटाशी ओढून घेतले, हात झटकला किंवा मारला तर २. सवय झाली की याला दोन-तीन मिनिटं पुरतात.

पण कधी पाहायचं हे महत्त्वाचं. पडून असताना पाहिलं तर बहुतेक वेळा शून्यच येईल. सकाळी स्पंजिंग करताना, डायपर बदलताना, कूस वळवताना, खुर्चीत बसवताना पाहायचं. म्हणजे ही मोजणी खरं तर मावशींच्या हातात आहे. सिस्टरनी त्यांना मोजपट्टी समजावून द्यावी आणि मावशींचा शब्द चार्टवर यावा. 'आज डाव्या कुशीवर वळवताना आजींनी माझा हात धरून ठेवला' हे वाक्य ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये आलं, तर डाव्या खुब्याकडे कुणीतरी पाहील. आलं नाही, तर दोन दिवसांनी त्याच आजी 'त्रास देतात', 'मारतात' म्हणून झोपेची गोळी सुरू होते.

झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्यांवर मला थोडं थांबायचं आहे, कारण ही चूक सर्रास होते. नॉर्वेमधल्या १८ नर्सिंग होममध्ये स्मृतिभ्रंश आणि अस्वस्थता असलेल्या ३५२ जणांवर एक अभ्यास झाला, २०११ साली. अर्ध्या गटाला ८ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक उपचार दिले. सुरुवात पॅरासिटामॉलपासून, ते पुरेसं नसेल तर मॉर्फिनचा छोटा डोस किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी), नसांचं दुखणं असेल तर प्रीगाबालिन. त्या गटातली अस्वस्थता आणि आक्रमकपणा दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाला. तेव्हा आजोबा अचानक चिडचिडे झाले, जेवण नाकारू लागले, कुणी जवळ आलं की हात उगारू लागले, तर क्वेटियापिन किंवा लोराझेपॅम मागण्याआधी दुखण्याचा विचार झालाच पाहिजे.

गोळीच्याही आधी शरीर पाहायचं. शौचाला होऊन किती दिवस झाले? तिसरा दिवस असेल तर पोट तटतटलंय का आणि गुदाशयात खडे अडकलेत का हे सिस्टरनी तपासावं. डायपर कोरडा आणि ओटीपोट घट्ट असेल तर लघवी अडकलेली असू शकते. माकडहाड, टाचा आणि खुबे उघडे करून पाहावेत, बेडसोर तिथे होतात. कवळीखाली जखम, किडकी दाढ, मांसात घुसलेलं नख ही कारणं हमखास सुटतात. अर्धांगवायूच्या बाजूचा खांदा तर अनेकदा दुखतो, आणि उठवताना त्याच काखेत हात घालून ओढलं की जास्तच. तिथे गोळी वाढवण्यापेक्षा उचलण्याची पद्धत बदलावी: ड्रॉशीट (अंगाखालची आडवी चादर) वापरून, दोघींनी मिळून, खांद्याच्या पात्याखाली आधार देऊन.

एसओएसची नियमित कशी करायची

दुखणं रोजचं असेल तर औषधही रोजचंच हवं, ठरलेल्या वेळी. डॉक्टरांना नेमकं एवढं सांगायचं: 'वळवताना पेनॅड ५ येतो, पडल्यावर १, चार दिवस असंच आहे. पॅरासिटामॉल नियमित करू का?' गुण, वेळ आणि दिवस सांगितले की डॉक्टरांना फोनवरही निर्णय घेता येतो. 'आजींना बरं नाही' एवढ्यावर त्यांनी काय ठरवायचं?

पॅरासिटामॉलची मर्यादा वजनावर ठरते, आणि इथेच गडबड होते. धडधाकट प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत म्हणतात. ५० किलोच्या आतल्या, खंगलेल्या वृद्धाला एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि दिवसभरात किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ४० किलोच्या आजींना एका वेळी ६०० आणि दिवसाला २४०० मिलिग्रॅम. म्हणजे ५०० ची गोळी दर ६ तासांनी, एकूण २०००, हे चांगलं बसतं. दारूचा इतिहास, काविळीची खूण किंवा खाणं अगदी कमी झालेलं असेल तर डॉक्टर याहूनही कमी ठेवतील. पण यासाठी चार्टवर वजन लिहिलेलं लागतं. भरती होतानाचं दोन वर्षांपूर्वीचं वजन चालत नाही.

आता बेरीज बघा. अशाच ४० किलोच्या आजींना ताप-अंगदुखीसाठी डोलो ६५० तीनदा चालू आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी कंबरेसाठी झिरोडॉल-पी दोनदा दिली. हॉस्पिटलमधून येताना अल्ट्रासेट दोनदा लिहून आली. तीन वेगळी नावं, तीन वेगळ्या स्ट्रिप्स. डोलोतून १९५०, झिरोडॉल-पीच्या प्रत्येक गोळीत ३२५ म्हणजे ६५०, अल्ट्रासेटच्या प्रत्येक गोळीत ३२५ म्हणजे आणखी ६५०. एकूण ३२५० मिलिग्रॅम. मर्यादा २४०० ची. कुणीही चुकीची गोळी दिलेली नाही, प्रत्येकाने चिठ्ठीप्रमाणेच दिली. चार्टवर ब्रँडच्या शेजारी आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिले असते तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, तेही या बेरजेत धरावं.

त्याच झिरोडॉल-पीमधलं दुसरं औषध असिक्लोफेनॅक. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि हे एकाच घराण्यातले. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी आणि लघवी होण्याची गोळी चालू असलेल्या वृद्धाला यातलं काही दिलं की तिघं मिळून किडनीवर घाव घालतात. उन्हाळ्यात जुलाब झाले किंवा पाणी कमी प्यायलं गेलं की दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते. पोटातून रक्तस्रावाचा धोका वेगळाच. 'एक डायक्लोचं इंजेक्शन मारून टाका' ही सवय म्हणूनच सोडायला हवी. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल आधी वापरून पाहणं जास्त शहाणपणाचं, ते रक्तात फार थोडं उतरतं.

क्रिएटिनिन १.२ 'नॉर्मल' असतं का?

क्रिएटिनिन हा किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला घटक. रिपोर्टवर तो १.२ पाहून सगळे निश्चिंत होतात. पण किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचं ढोबळ गणित करून पाहा. वय ८२, वजन ४५ किलो, बाई. १४० मधून वय वजा केलं की ५८. त्याला वजनाने गुणलं की २६१०. खाली ७२ गुणिले १.२, म्हणजे ८६.४. भागाकार ३०.२, आणि स्त्री असल्यामुळे गुणिले ०.८५. उत्तर सुमारे २६ मिलिलिटर प्रति मिनिट. रिपोर्टवर आकडा नॉर्मल म्हणून आलेला, पण किडनी तरुणपणच्या पाव-एक क्षमतेवर चाललेली.

हे गणित वेदनांच्या औषधांना थेट लागू होतं. प्रीगाबालिनची या किडनीला दिवसाची कमाल १५० मिलिग्रॅम. ७५ ची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ लिहिली की पहिल्याच दिवशी माणूस कमाल डोसवर. मग दिवसभर गुंगी, तोल जाणं, बाथरूमला जाताना पडणं. सुरुवात २५ ने, रात्री, हा साधा मार्ग. ट्रामाडॉल या वेदनाशामकाचे दोन डोस या किडनीत १२ तासांच्या अंतरानेच द्यावे लागतात. शिवाय उदासीसाठी एसिटॅलोप्राम चालू असेल तर ट्रामाडॉलबरोबर थरथर, घाम, गोंधळ होऊ शकतो, सोडियम उतरू शकतं, झटका येऊ शकतो. २०१८ पासून ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. तरी अनेक जण त्याला 'जरा जोरदार क्रोसिन' समजूनच देतात.

मॉर्फिनचे टाकाऊ घटकही किडनीतूनच जातात. किडनी मंद असेल तर ते साठतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हातापायांना बारीक झटके, भास, न उतरणारी झोप सुरू होते. अशा वेळी डॉक्टर डोस कमी करतात, अंतर ६ ते ८ तासांवर नेतात किंवा औषधच बदलतात.

मॉर्फिनचं नाव काढलं की नातेवाइकांचा चेहरा पडतो, 'म्हणजे आता शेवट का?' असं विचारतात. कॅन्सर हाडात पसरलेल्या माणसाला ते महिनोन् महिने देता येतं, आणि ठरलेल्या वेळी, दुखण्याच्या प्रमाणात दिलं तर माणूस त्याने मरत नाही. वृद्धांना सुरुवात २.५ ते ५ मिलिग्रॅमने, दर ४ तासांनी. आपल्याकडे १० ची गोळी सहज मिळते, तिची अर्धी म्हणजे ५. वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दोनला उठवायला नको म्हणून रात्री दहाचा डोस दुप्पट द्यायची पद्धत आहे, पण ती डॉक्टरांनी चार्टवर स्वतंत्र लिहिलेली हवी, नाहीतर नवीन सिस्टर दुप्पट डोस चूक समजून खोडते किंवा पाचही वेळा दुप्पट देते. मधेच कळ आली तर दिवसभराच्या एकूण डोसच्या साधारण एक षष्ठांश जादा, आणि तासाभराने परत पाहायचं. ड्रेसिंग असेल तर अर्धा तास आधी.

बद्धकोष्ठाचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या डोसच्याच दिवशी सुरू व्हायला हवं. बिसाकोडिल रात्री, गरजेप्रमाणे लॅक्टुलोज. इसबगोल देऊ नये. पाणी कमी पिणाऱ्या माणसात, मॉर्फिनने मंदावलेल्या आतड्यात इसबगोलाचा गोळा होऊन बसतो. घरून इसबगोलाचा डबा घेऊन येणाऱ्या मुलांना हे प्रेमाने समजावून सांगावं लागतं.

औषध मिळवण्याची अडचण कायद्यापेक्षा आता माहितीची जास्त आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता मिळवलेल्या संस्थेला ती ठेवता येतात. अशा वेदनांवर उपचार करणारं पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यात लोटलीला शांती अवेदना सदन. कॅन्सरच्या रुग्णासाठी अशा ठिकाणी लवकर संपर्क करावा, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

पॅच

सगळ्यात धोकादायक चुका पॅचमध्ये होतात, कारण तो औषधासारखा दिसतच नाही. मॉर्फिनच्याच जातीच्या फेन्टानिलचा पॅच दर ७२ तासांनी बदलायचा. सोमवारी सकाळी दहाला लावला तर गुरुवारी, मग रविवारी, मग बुधवारी, मग शनिवारी. वार पुढे सरकत जातो. 'सोमवार-गुरुवार' असं ठरवून टाकलं की गुरुवार ते सोमवार चार दिवस होतात आणि रविवारी माणूस कळवळतो. ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच मात्र ७ दिवसांचा, त्याचा वार कायम. एकाच केंद्रात दोन्ही असले की अदलाबदल होतेच. म्हणून पुढच्या बदलाची तारीख, वार आणि वेळ प्रत्येक वेळी नव्याने लिहावी.

लावताना: जागा छातीच्या वरच्या भागावर किंवा दंडावर. स्मृतिभ्रंश असेल तर पाठीवर वर, जिथे हात पोचत नाही. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा नको. नुसत्या पाण्याने पुसा, साबण, तेल, पावडर नको. पूर्ण कोरडं झाल्यावर लावा आणि तळहाताने ३० सेकंद दाबून धरा. पॅचवर तारीख-वेळ आधीच लिहून ठेवा. आणि नवा लावण्याआधी जुना शोधून काढा. साडीखाली, ब्लाउजच्या आत, पाठीवर राहिलेला जुना पॅच आणि वर नवा, ही दोन डोस एकत्र देण्याची सगळ्यात सोपी चूक आहे. प्रत्येक ड्यूटीच्या सुरुवातीला पॅच जागेवर आहे का हे डोळ्यांनी पाहून सही करावी. पॅच कधीही कापू नये.

उष्णतेने फेन्टानिल कातडीतून जास्त वेगाने शिरतं. शेकायची पिशवी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, तेल लावून गरम पाण्याने आंघोळ आणि ताप, या सगळ्यांत डोस वाढल्यासारखा होतो. मालिशवाल्या मावशींना ही गोष्ट माहीत असायला हवी. १०१-१०२ ताप आला तर पॅच असलेल्या रुग्णाचा श्वास वारंवार मोजावा.

लावल्यावर परिणाम यायला १२ तास किंवा जास्त लागतात, त्यामुळे अचानक उठलेल्या कळीसाठी पॅच निरुपयोगी. काढल्यावरही रक्तातलं निम्मं औषध उतरायला १७ तास किंवा त्याहून जास्त लागतात. आणि मॉर्फिनच्या जातीचं औषध कधीच न घेतलेल्या माणसाला फेन्टानिलचा पॅच लावायचाच नसतो. २५ मायक्रोग्रॅमचा पॅच दिवसाला तोंडाने ६० मिलिग्रॅम मॉर्फिन देण्याच्या तोडीचा किंवा जास्तच आहे. गुडघेदुखीसाठी 'गोळ्या गिळत नाहीत म्हणून पॅच' अशी चिठ्ठी आली तर सिस्टरनी लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं, तो त्यांचा हक्क आहे. काढलेल्या पॅचमध्ये औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत दुमडून, दोन सह्या करून कुलपातल्या डब्यात टाकावा. भेटायला आलेल्या नातवंडाच्या हाती लागेल असा कचऱ्याच्या बादलीत कदापि नको.

कुटलेल्या गोळ्या आणि डिस्चार्ज कार्ड

राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असलेल्या आजोबांच्या सगळ्या गोळ्या एकत्र कुटून नळीत सोडतात. नावामागे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एमआर असेल तर ती औषध हळूहळू सोडणारी गोळी असते, ती कुटू नये. मॉर्फिनची १२ तासांची गोळी कुटली की बारा तासांचा डोस तासाभरात अंगात जातो आणि नंतरचे कित्येक तास काहीच नसतं. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलचं कवच कुटल्यावर आम्लात औषधच वाया जातं. ट्यूबसाठी प्रत्येक औषध वेगळं, आधी-नंतर १५ ते ३० मिली पाणी. पॅरासिटामॉलचं सिरप चांगलं, फक्त बाटली वाचा: ५०० मिलिग्रॅम म्हणजे ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे १० मिली आणि ५ मिलीत १२५ असलेल्या सिरपचे २० मिली. एकच खलबत्ता सगळ्यांसाठी असेल तर दर वेळी धुऊन पुसायला हवा.

रात्रपाळीच्या सिस्टर उद्याच्या सगळ्या गोळ्या वाट्यांमध्ये काढून ठेवतात, वेळ वाचतो म्हणून. वाटीतल्या सुट्या पांढऱ्या गोळीला नाव नसतं. सकाळी डॉक्टरांनी एक बंद केली तर वाटीतून कुठली काढायची? स्ट्रिपमधून गोळी पेशंटच्या समोरच काढावी, घोट घेऊन गिळल्यावरच सही करावी. ओळख बेड नंबरवरून करू नये. बेड बदलतात, आणि एका मजल्यावर दोन कुलकर्णी आजी असतातच. चार्टवर फोटो चिकटवायला काही खर्च येत नाही. गोळी दिली नाही तर रकाना कोरा न ठेवता कारण लिहावं: झोप, उलटी, नकार, औषध संपलं. 'औषध संपलं' हे दर महिन्याच्या अखेरीला दिसतं, म्हणून ७ दिवसांचा साठा उरला की नातेवाइकांना मेसेज.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ते आठवड्यातून एकदाच असतं. रोज दिलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, जीव जातो. फोलिट्रॅक्स हे मेथोट्रेक्सेटचंच नाव आहे, फॉलिक ॲसिडचं नव्हे, आणि दोन्ही गोळ्या पिवळ्या असतात. चार्टवर वार लिहून बाकीचे सहा रकाने रेघ मारून बंद करावेत. ट्रामाडॉल आणि उदासीवरचं ट्राझोडोन ही जोडीही नावसाधर्म्यामुळे सापडते.

हॉस्पिटलमधून परत आलेल्या दिवशी सगळ्यात जास्त चुका होतात. डिस्चार्ज कार्डावर चार नवी औषधं आणि खाली 'रेस्ट सीटी ऑल', म्हणजे बाकी सगळं चालू ठेवा. बाकी म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. कार्डावरचं टेल्मा आणि जुन्या चार्टवरचं टेल्मिसार्टन हे एकच औषध, तरी दोन्ही चालू राहतात, आणि फ्रॅक्चरसाठीचं वेदनाशामक पाच दिवसांनी संपतं, पुढे काय याचा उल्लेख नसतो. त्याच संध्याकाळी जुना चार्ट रद्द करून नवा लिहावा. प्रत्येक जुन्या औषधापुढे तीनपैकी एक शब्द: चालू, बंद, डोस बदलला. शंका असेल तर हॉस्पिटलला फोन, आणि कुणाशी किती वाजता बोलणं झालं त्याची नोंद. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर 'ती गोळी बंद करा' म्हणाला, तरी बदल डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय नको.

चूक लक्षात आली की

मॉर्फिन किंवा फेन्टानिल जास्त गेलं तर आधी झोप गाढ होते, मग श्वास मंदावतो. म्हणून हाक मारल्यावर डोळे उघडतात का हे आधी पाहा. मग घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मिनिटाला ८ च्या खाली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, तर १०८ ला फोन. पॅच काढा, खाली तेलकट काही असेल तर पाण्याने पुसा, ऑक्सिजन असेल तर लावा, कुशीवर वळवा. नॅलोक्सोन (मॉर्फिनवरचा उतारा) केंद्रात असेल तर ते कसं द्यायचं हे आधीच डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं हवं, आणि त्याचा असर तासाभरात उतरतो, पॅचचा उतरत नाही, त्यामुळे शुद्ध आली म्हणून ॲम्ब्युलन्स परत पाठवू नका. पुढचे २४ तास दर तासाला श्वास मोजायचा.

पॅरासिटामॉल जास्त गेलं तर माणूस पहिल्या दिवशी ठणठणीत दिसतो, यकृताचं नुकसान दोन-तीन दिवसांनी कळतं. दिसत नाही म्हणून वाट पाहू नये, त्याच दिवशी हॉस्पिटल. त्यावरचा उतारा लवकर दिला तरच नीट काम करतो.

चूक केलेल्या सिस्टरचा पगार कापणाऱ्या केंद्रांत चुका कमी होत नाहीत, फक्त वहीत येणं बंद होतं. वेगळी वही ठेवा, तीत नाव न लिहिता नोंद करा: कोणतं औषध, किती, किती वाजता, त्या वेळी काय चाललं होतं, काय केलं. स्ट्रिप, वाटी, काढलेला पॅच फेकू नका, हॉस्पिटलला दाखवावं लागेल. डॉक्टरांना लगेच आणि नातेवाइकांना त्याच दिवशी सांगा: काय दिलं गेलं, आत्ता आजी कशा आहेत, काय तपासणार आहोत, पुढचा फोन किती वाजता करू. आणि तो फोन त्याच वेळी करा.